श्रीलंका : युद्ध थांबलं, खर्च चालूच

‘सिंहली-तामिळ वैर हजारो वर्षांचं आहे, त्याला कोण काय करणार?’ श्रीलंकेचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. जुन्या लढाया झाल्या, हे खरं. पण १९८३ ते २००९ चाललेलं युद्ध ज्यावर पेटलं, ते सरपण विसाव्या शतकातल्या कायद्यांनी रचलं होतं. १९४८च्या कायद्याने चहामळ्यांतले भारतीय वंशाचे लाखो तामिळ मजूर नागरिकत्वाला मुकले. १९५६मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या उत्तरेतल्या जाफन्याच्या तामिळ मध्यमवर्गाच्या पायाखालची वाळू सरकली. १९७०च्या दशकात तर मेडिकल, इंजिनिअरिंगला तामिळ माध्यमाच्या मुलांना सिंहली मुलांपेक्षा जास्त गुण लागू लागले. मुलं बंदुकीकडे वळली ती अशी. १९८१मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७,००० पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं राख झाली.

गरिबी आणि अडाणीपणामुळे अशी युद्धं होतात, हाही एक लाडका समज. पण श्रीलंकेत शिक्षण आणि सरकारी दवाखाने मोफत होते, साक्षरतेत हा देश शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे होता. शिकून दार बंद दिसलं, की राग जास्त येतो.

नुकसान फक्त उत्तरेचं झालं म्हणावं, तर वेगळ्या तामिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या ‘तामिळ वाघ’ या सशस्त्र संघटनेचा जानेवारी १९९६चा मध्यवर्ती बँकेवरचा हल्ला ऐन कोलंबोत झाला. २००१मध्ये त्यांनीच कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला केला. त्याच वर्षी दुष्काळ आणि जागतिक मंदीचीही भर पडून स्वातंत्र्यानंतर प्रथमच अर्थव्यवस्था आक्रसली. आणि अन्याय एकाच बाजूने झाला असंही नाही. ऑक्टोबर १९९०मध्ये तामिळ वाघांनी उत्तर प्रांतातल्या हजारो मुस्लिमांना घराबाहेर काढलं. जाफन्यातल्यांना तर जेमतेम दोन तास मिळाले.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे युद्ध संपलं की विकास आपोआप सुरू होतो. जाफन्याला रेल्वे पुन्हा पोचली २०१४मध्ये. उत्तरेतल्याच मुहमालैच्या शेतांत त्यानंतरही बायका गुडघ्यांवर बसून छोट्या दाताळ्याने माती खरवडत सुरुंग शोधत होत्या. सुरुंग निघेपर्यंत तिथे नांगर चालत नाही.

२०२२ची दिवाळखोरी मात्र सगळी युद्धाच्या माथी मारू नये. करकपात, कर्जं आणि कोरोना यांचा त्यात मोठा वाटा होता. पण तिजोरी रिकामी झाल्यावरच, जानेवारी २०२३मध्ये, सरकारने सैन्याची मंजूर संख्या २,००,७८३वरून पुढच्या वर्षापर्यंत १,३५,००० आणि २०३०पर्यंत एक लाखावर आणायचं जाहीर केलं. युद्ध संपून तेव्हा चौदावं वर्ष चालू होतं.