लळिंग: ज्याच्या पोटातून धुळे निघाले

मालेगावकडून मुंबई-आग्रा महामार्गाने येताना धुळे साधारण 10 किलोमीटर राहिले की रस्त्यालगत एक उभा डोंगर दिसतो. नीट पाहिले तर माथ्यावर तटाची तुटक रेघ ओळखू येते. हाच लळिंगचा किल्ला. रोज हजारो गाड्या त्याच्या पायथ्यावरून जातात आणि बहुतेकांना आता पोचलोच धुळ्याला एवढेच कळते. खानदेशावर दोनशे वर्षे राज्य केलेल्या फारुकी घराण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी राजा याच डोंगरावरून उठला आणि याच डोंगरापाशी संपला. ज्या धुळे शहराची पाटी आपण रस्त्यावर वाचतो, ते धुळे तर एके काळी लळिंगच्या हाताखालचे खेडे होते!

गावातले हेमाडपंती महादेवाचे देऊळ पाहून चढाला लागावे. उन्हाळ्यात दगड तापतात, झाडी विरळ, आणि वाट चांगलीच दमवते. वर भग्न दरवाजा, ढासळलेला तट, बुरूज, काही ठिकाणी फक्त जोती. मात्र कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी पाय थांबतोच. अशा टाक्याच्या काठावर बसून आतल्या भिंतीकडे बघा. छिन्नीच्या तिरप्या खुणा अजून मोजता येतात. प्रत्येक खूण म्हणजे कुणा पाथरवटाचा एक घाव. सह्याद्रीचा आणि खानदेशाचा हा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. एखादा थर भुसभुशीत, तर एखादा इतका घट्ट की पाणी झिरपत नाही. घट्ट थर ओळखून त्यात टाके खोदले, आणि उतारावरचे पावसाचे पाणी त्यात वळवले की वर्षभराची बेगमी झाली. वेढ्यात किल्ला किती दिवस टिकेल हे बहुतेक वेळा तोफांच्या आधी या टाक्यांनी ठरवलेले असे.

माथ्यावरून चौफेर नजर टाकली की या जागेचे मोल कळते. दक्षिणेकडून, म्हणजे दौलताबाद-नाशिकच्या बाजूने, तापीच्या खोऱ्यात आणि पुढे बऱ्हाणपूर-माळव्याकडे जाणाऱ्याला याच टापूतून उतरावे लागे. आजचा महामार्गही तिथूनच जातो. या मुलखात आणखी एक नवल आहे. लाव्हा वर येताना जमिनीच्या उभ्या भेगांत थिजला आणि त्याच्या सरळसोट भिंती तयार झाल्या. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. साक्री-धुळे-पारोळा अशी धावणारी त्यातली एक भिंत जवळपास 80 किलोमीटर लांब आहे. म्हणजे माणसाने तट बांधायच्या साडेसहा कोटी वर्षे आधीच निसर्गाने इथे तट घालून ठेवले होते.

आता त्या राजाची गोष्ट. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा तापीकाठचा मुलूख दिला. शिरपूर तालुक्यातली ही दोन्ही गावे आजही नांदती आहेत. मलिक राजा 1399 मध्ये वारला. जाताना त्याने थाळनेर धाकट्या मुलाला आणि लळिंग थोरल्या नसीरखानाला दिले. थोरल्याचे एवढ्यावर समाधान होणार नव्हते. त्याची नजर गेली थेट असीरगडावर.

असीरगड तेव्हा आसा अहीर या गवळी राजाकडे होता. हजारो गुरांचा धनी, दुष्काळात लोकांना धान्य पुरवणारा माणूस. नसीरखानाने त्याला निरोप धाडला, की शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत, लळिंगवर माझी बायकामुले सुरक्षित नाहीत, त्यांना तुमच्या गडावर आसरा द्या. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या आल्या. स्वागताला आसा आणि त्याची मुले पुढे झाली, आणि पडदे सरकवून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसाचे सगळे कुटुंब मारले गेले. पुढे नसीरखानाने तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले, 1417 मध्ये माळव्याच्या सुलतानाच्या मदतीने धाकट्या भावाचे थाळनेरही घेतले. ही हकीकत वाचताना मला नसीरखानाच्या हुशारीचे कौतुक वाटत नाही. दार उघडणाऱ्या आसाचीच आठवण मनात राहते.

आणि मग 1437. नसीरखानाची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाला दिली होती. कोकणच्या मोहिमेतून संगमेश्वरच्या राजाची कन्या सुलतानाच्या जनानखान्यात आली आणि नसीरखानाच्या मुलीकडे त्याचे दुर्लक्ष होऊ लागले. तिने बापाला तक्रार लिहून पाठवली. मुलीच्या त्या तक्रारीवरून नसीरखान बहमनींच्या वऱ्हाडावर चालून गेला. बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने रोहणखेडपाशी त्याचा पराभव केला, पाठलाग करत बऱ्हाणपूर लुटले आणि थेट लळिंग गाठले. लळिंगपाशी नसीरखान पुन्हा हरला आणि थोड्याच दिवसांत वारला. कपटाने मिळवलेला असीरगड त्याच्या हातात होता, तरी अखेर आली ती बापाने दिलेल्या पहिल्या गडापाशी. त्याला थाळनेरला नेऊन पुरले. तिथे तापीच्या काठावर फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत.

याच दिवसांत जपानमध्ये काय चालले होते ते पाहिले की थक्क व्हायला होते. पश्चिम जपानातल्या ह्योगो प्रांतात ताकेदा नावाचा डोंगरी किल्ला आहे. परंपरेप्रमाणे त्याची उभारणी 1441 ची, म्हणजे नसीरखानाच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी. उंची 353 मीटर. खाली वाटेवर नजर ठेवायची, वर सरदाराची शिबंदी, हीच तिथलीही रीत. पुढे चुना-माती न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवून तिथे अजस्र चिरेबंदी उभी राहिली. 1600 च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर त्या किल्ल्याच्या शेवटच्या सरदाराला पोट चिरून मरावे लागले आणि किल्ला ओसाड पडला. लाकडी वाडे गेले, दगडी भिंती उरल्या. शरद ऋतूतल्या सकाळी त्या धुक्यावर तरंगताना बघायला आज जगभरातून लोक जातात. आणि इकडे? जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकी राज्य बुडाले. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांतले गडांचे दिवस असे काही महिन्यांच्या अंतराने मावळले.

जपानात सत्ता डोंगरावरून सपाटीवर उतरली, किल्ल्याभोवती शहरे वाढली. लळिंगचेही तसेच झाले, फक्त सावकाश. मोगल आणि निजामाच्या अमलात लळिंग ऊर्फ फतेहाबाद हे परगण्याचे ठाणे होते आणि पांझरेकाठचे धुळे त्यातले एक किरकोळ गाव. 1803 मध्ये होळकरांच्या लुटालुटीने आणि दुष्काळाने ते गावही पार उठले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. मग इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्जने नव्या खानदेश जिल्ह्याचे ठाणे धुळ्यात केले, 1819 मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली, कारागीर आणून वसवले. डोंगर मागे पडला. पुढे 31 जुलै 1937 ला एका खटल्यासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दर वर्षी त्या तारखेला तिथे माणसांची रीघ लागते.

आसाच्या डोल्या, राणीची तक्रार, हे सगळे आपल्याला कळते ते मुख्यतः फिरिश्ता या इतिहासकारामुळे. तो अहमदनगरात वाढला, पुढे विजापूरच्या दरबारात गेला आणि 1604 मध्ये बऱ्हाणपूरला आला, तेव्हा फारुकी राज्य बुडून तीनच वर्षे झाली होती. तिथे त्याने या घराण्याची वंशावळ मिळवली आणि आपल्या फारसी ग्रंथात खानदेशच्या राजांचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. हा ग्रंथ इंग्रजीत आणून 1829 मध्ये चार खंडांत छापणारा माणूस कोण? तोच जॉन ब्रिग्ज. लळिंगच्या हाताखालचे खेडे ज्याने शहर केले, त्यानेच लळिंगच्या राजाची कहाणी जगापुढे ठेवली. हा योगायोग लक्षात आला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

पावसाळा सरता सरता लळिंगला जावे. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा बाटल्या भरून न्याव्यात, निघावे पहाटे, आणि जमल्यास आदल्या रात्री फिरिश्त्याचे ते प्रकरण वाचून घ्यावे. उतरल्यावर दिवस हाताशी असेल तर गाडी शिरपूरकडे वळवून थाळनेरही गाठावे.