हरायची सोय राहिली नाही

परवा फोनवर अंतराळयानांचा एक नवा गेम उतरवून घेतला. तिसऱ्याच लढाईत यान फुटलं आणि पडद्यावर पाटी आली: तीस सेकंदांची जाहिरात पाहा, यान परत मिळवा. पाहिली. यान मिळालं, आधीपेक्षाही धडधाकट. त्यानंतर मी हरेचना, आणि तासाभरात गेम काढून टाकला. उमेदीची वर्षं ज्याने ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’मध्ये यानांमागून यानं गमावण्यात घालवली, त्याला ही दया झोंबते.

एफटीएलच्या, म्हणजे मेलं की पहिल्यापासून सुरू करायला लावणाऱ्या गेमांच्या, घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९८० चा ‘रोग’. युनिक्सच्या टर्मिनलवर अक्षरांनी काढलेलं तळघर, ॲट-द-रेटचं चिन्ह म्हणजे तुम्ही, दर डावाला नवा नकाशा, आणि मेलात की मेलात. १९८७ मध्ये ‘नेटहॅक’ आला, मग त्याचे भाऊबंद. खोटं कशाला बोलू, मला त्या सगळ्यांचा कंटाळा आला. २००८ मध्ये बर्लिनला जमलेल्या मंडळींनी ‘रोगलाइक’ कशाला म्हणावं याची व्याख्या केली आणि या प्रांतात खेळणाऱ्यांपेक्षा सोवळं पाळणारेच जास्त दिसू लागले. पुढे एफटीएल आला तेव्हा त्यांनी तो पंगतीत बसवून घ्यायचा की नाही यावर भरपूर वाद घातला. करणाऱ्यांनी स्वतःच त्याला ‘रोगलाइक-लाइक’ म्हणून हात झटकले होते.

करणारे दोघेच होते, जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस. ‘टूके’ या गेम कंपनीच्या शांघायच्या स्टुडिओतली नोकरी सोडून बाहेर पडलेले. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर त्यांनी १०,००० डॉलर मागितले, जमले दोन लाखांच्या वर. सप्टेंबरात गेम आला. वरून दिसणारं यान, चौकोनी खोल्या, खोल्यांत इवलीशी माणसं, बस्स. साध्या लॅपटॉपवर चालायचा, हीच आमच्या लेखी त्याची थोरवी. ग्राफिक्स कार्डाला पैसे होते कुणाकडे?

कथा चार ओळींची. बंडखोरांचं आरमार मागे लागलंय, आठ सेक्टर ओलांडून फेडरेशनला खबर पोचवायची. खरा खेळ वीज वाटण्याचा. रिॲक्टर लहान आणि मागणारे फार. ढालीला द्यावी तर शस्त्रं थंड, शस्त्रांना द्यावी तर इंजिन मंद. शेवटी हात ऑक्सिजनकडे जातो: जरा वेळ बंद ठेवला तर काय बिघडतंय? नेमकी तेव्हाच ऑक्सिजनच्या खोलीत आग लागते. विझवायला माणूस पाठवला तर तो भाजतो. मग केव्हातरी उमगतं की बाहेरचे दरवाजे उघडून खोलीतली हवाच अवकाशात सोडून द्यायची. हवा गेली की आग गेली. स्पेसबार दाबून डाव थांबवायचा, दरवाजे निवडायचे. तोवर मँटिस जातीचे दोन परग्रहवासी यानात उतरून मेडबेकडे, म्हणजे दवाखान्याकडे, निघालेले असतात, मग त्यांच्याही वाटेवरची हवा काढून घ्यायची. आपला माणूस दाराच्या अलीकडे, ते पलीकडे. पुन्हा स्पेसबार. इकडे बर्स्ट लेझरच्या तीन गोळ्यांनी शत्रूची ढाल पाडायची आणि ती परत उभी राहायच्या आत बीम फिरवायचा. बीमचा नेम चुकत नाही, पण क्षणभर आधी सोडलात तर ढालीवरच वाया. दोन मिनिटांची लढाई अशी थांबत थांबत अर्धा तास चाले. आणि यान फुटलं की सेव्ह पुसलेली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आम्हा खेळणाऱ्यांत दोन पक्ष होते. एक म्हणे, हा निव्वळ फाशांचा खेळ. त्यांच्याकडे पुरावाही होता: महाकाय कोळ्यांनी वेढलेल्या स्थानकाच्या मदतीला गेलं तर कधीकधी आपलाच माणूस जायचा, आणि त्यावर कसलंही अपील नाही. दुसरा म्हणे, सगळं कसबावर आहे: ‘हार्ड’ पातळीवर, एकदाही स्पेसबार न दाबता, यानांमागून यानं जिंकणारे लोक जगात आहेत. तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणतो. आम्ही मिळालेलं स्क्रॅप, म्हणजे तिथला पैसा, चार ठिकाणी थोडंथोडं उधळायचो, दार अडवून धरायला कुणी नाही अशा यानात मिसाइलं साठवायचो आणि फाशांना शिव्या द्यायचो. सेव्ह फाइलची कॉपी आधीच काढून ठेवणारा एक तिसरा पक्षही होता. त्यांच्या विजयाच्या स्क्रीनशॉटना मी तेव्हा दाद दिली नाही, आजही देणार नाही.

२०१४ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड एडिशन’ आली: नवी यानं, हॅकिंग, क्लोन बे. जुन्या गिऱ्हाइकांना चक्क फुकट. आज हेच सीझन पासच्या पाच हप्त्यांत विकलं असतं. २०१८ मध्ये याच दोघांनी ‘इनटू द ब्रीच’ काढला आणि फासेवाल्यांची तोंडं बंद केली. शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार ते आधीच दिसतं, त्यामुळे हरलात तर जवळपास सगळा दोष तुमचा. मला तो एफटीएलपेक्षा सरस वाटतो, पण मी त्यात कमी रमलो. दोष ढकलायला थोडी जागा लागते माणसाला.

त्यानंतर वारं फिरलं. २०२० चा ‘हेडीस’ देखणा आहे, लिहिलाय झकास, पण त्यात मेलं की गोष्ट पुढे सरकते आणि गाठीला काहीतरी जमतं; पुढच्या डावाला तुम्ही नुसते शहाणे नाही, बलवानही होता. त्याची नक्कल करणाऱ्यांनी त्यातलं लेखन सोडलं आणि गाठोडं तेवढं उचललं. आता पुरेसे डाव खेळलात की जिंकवूनच सोडतात. शिकलात की नाही हे कुणी विचारत नाही.

एफटीएलही काही निष्कलंक नव्हता. सात सेक्टर तो शिकवतो की मिळेल त्यात भागवा, आणि आठव्यात बंडखोरांची फ्लॅगशिप समोर आली की एकदम ठरावीक सामानाची यादी मागतो. ढालीचे थर भरपूर हवेत, जमल्यास क्लोकिंग हवं. ते वाटेतल्या एकाही दुकानात दिसलं नाही तर तुमचं नशीब. फ्लॅगशिपचे तीन टप्पे आहेत. पहिला पार केला की वाटतं जमलं. दुसऱ्यात ती ठरावीक वेळाने ड्रोनांचा लोंढा सोडते आणि होत्याचं नव्हतं होतं. मा आणि डेव्हिस यांना बाकी सगळं माफ आहे, हा दुसरा टप्पा नाही.