जुन्या कॉम्प्युटरला माऊस घेताना

माऊस बिघडला की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो नवा कॉम्प्युटर घेण्याचा. मला तो मुळीच पटत नाही. कर्जत स्टेशनला लागून असलेल्या आमच्या भिसेगावात मी घरीच लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं अशी डीटीपीची कामं करते. माझ्या मशीनवर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आहे. गिऱ्हाईक येतं ते म्हणत, ‘‘ताई, थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच करा, फक्त नावं बदला.’’ ती जुनी फाईल श्रीलिपीच्याच फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये न्यायची तर जोडाक्षरं विस्कटायची भीती, म्हणजे अख्खी पत्रिका पुन्हा तपासणं आलं. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये थांबवला, म्हणून या मशीनला मी इंटरनेट जोडत नाही. पण काम ते चोख करतं. असं मशीन माऊसपायी भंगारात का घालायचं?

माऊस घ्यायच्या आधी कॉम्प्युटर भिंतीपासून पुढे ओढा आणि मागची बाजू बघा. चपटं, चौकोनी यूएसबीचं तोंड असेल तर प्रश्न सोपा. एक्सपीला साधा यूएसबी माऊस आपोआप ओळखता येतो, सीडी वगैरे लागत नाही. गोल, सहा पिनांची तोंडं दिसली तर ती पीएस/२. आयबीएमने ही जोडणी १९८७ साली आणली. हिरवं तोंड माऊसचं, जांभळं कीबोर्डचं. फार जुन्या मशीनवर दोन्ही काळीच असतात, तिथे शेजारची बारीक चित्रं बघून ठरवावं लागतं. त्याहून जुन्या मशीनला नऊ पिनांचं सीरियल तोंड, आणि त्याचा माऊस आता जुन्या मालातच शोधावा लागतो.

दुकानदार एक छोटा हिरवा जोड पुढे करतो, ‘‘हा लावा, कुठलाही यूएसबी माऊस चालेल.’’ कुठलाही चालत नाही. त्या जोडात नुसत्या तारा असतात. यूएसबी आणि पीएस/२ अशा दोन्ही भाषा माऊसच्या आतल्या चिपला याव्या लागतात. जुन्या माऊसांना त्या यायच्या, हल्लीच्या बऱ्याच माऊसांना येत नाहीत. म्हणून खोक्यावर पीएस/२ असं छापलेलं असेल तरच घ्या. ब्लूटूथवाला तर घेऊच नका, जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ब्लूटूथ नसतं.

आणखी एक, पीएस/२ची पिन मशीन चालू असताना काढू-घालू नये. तोंड जळू शकतं, आणि ते मदरबोर्डवरच असतं.

तोंड जुळलं की मग हाताचा विचार. मोठ्या डीपीआयच्या आकड्याला भुलू नका. अशा मशीनच्या पडद्याला ८०० ते १००० पुष्कळ झाले. माझ्या कामात महत्त्व बटणाला. बटणाखालचा स्विच झिजला की एका क्लिकचे दोन होतात, आणि पत्रिकेवरचा गणपती ओढून मधोमध आणताना मध्येच सुटतो. त्यामुळे दुकानात माऊस लावून बघायला मिळाला तर एखादी फाईल बटण दाबून धरून पडदाभर फिरवा. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला आकार निवडावा. बटणांची अदलाबदल विंडोजच्या सेटिंगमध्ये करता येते.

गोळीच्या माऊसवरून लाल दिव्याच्या माऊसवर येत असाल तर टेबल बघा. आपल्याकडे टेबलावर काच आणि काचेखाली फोटो ठेवायची पद्धत आहे. काचेवर हा माऊस अडखळतो किंवा उड्या मारतो. पॅड नसेल तर जाड, बिनचकाकीचा कागद चालतो. मी पत्रिकेच्या कागदाचं उरलेलं कातरण चिकटवलं आहे.

आमच्याकडे पीएस/२ माऊस आता क्वचित दिसतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर विचारून बघता येतं. तिथे चांगला मिळाला तर दोन घ्यावेत.