मिठागर : काही समज आणि वस्तुस्थिती

भाईंदर सोडून गाडी वसईची खाडी ओलांडते आणि नायगाव-जुचंद्रच्या बाजूची मिठागरे नजरेस पडतात, तेव्हा समुद्राचे पाणी उन्हात वाळवावे आणि तळाशी उरेल ते खरवडून घ्यावे, एवढीच काय ती ही विद्या, असा समज प्रवाशाच्या मनात सहज दृढ होतो. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवीत आलेल्या आगरी समाजाच्या ज्ञानावर मात्र याने मोठा अन्याय होतो.

एक लिटर समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांपैकी खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, जेमतेम 27 ग्रॅम असते. बाकीचा ऐवज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांच्या क्षारांचा. सगळे पाणी आटू दिले, तर हाती येईल ते कडवट मिश्रण. परंतु हे क्षार एकाच वेळी तळाशी बसत नाहीत. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळविले जाते, तेव्हा प्रथम कॅल्शियम कार्बोनेट आणि मागाहून जिप्सम वेगळे होते; पाणी मूळच्या सुमारे एक-दशांशावर आले, की मिठाचे घनाकृती स्फटिक धरू लागतात; मॅग्नेशियमचे क्षार मात्र बव्हंशी पाण्यातच राहतात. म्हणून मीठ ओढून घ्यायचे आणि ते कडू पाणी, पूर्ण आटण्यापूर्वीच, सोडून द्यायचे. मीठ पिकविण्यातले खरे कौशल्य या वेळेवर थांबण्यात आहे.

दाट फडक्यातून गाळले, की पाण्यातील मीठ मागे राहते, हाही असाच एक भ्रम होय. फडक्यावर राहते ती माती. विरघळलेले मीठ पाण्याबरोबर निघून जाते. गरम संपृक्त द्रावण थंड केले असता तुरटी भरपूर सुटते, मीठ तसे सुटत नाही, कारण 100 ग्रॅम पाण्यात ते शून्य अंशाला सुमारे 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात 39 ग्रॅम विरघळते. एवढ्या अल्प फरकावर विसंबता येत नाही. पाणीच उडवावे लागते.

श्रावणात बरणीतले खडेमीठ पाझरू लागले, की घरोघर भेसळीचा संशय घेतला जातो. वस्तुतः स्फटिकांना चिकटून राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओल फार लवकर शोषते. आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठही ओलावते, मग वसईच्या किनाऱ्यावरील पावसाळ्याची कथा काय सांगावी!

मीठ समुद्राचे असल्यामुळे त्यात आयोडीन आपोआपच पुरेसे असते, ही समजूत मात्र अपायकारक आहे. मिठागरातल्या मिठात ते नगण्य असते. पोटॅशियम आयोडेट मिसळूनच ते आणावे लागते. रोजच्या स्वयंपाकासाठी वाचकांनी आयोडीनयुक्त मीठच घ्यावे आणि ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे.