दुसरी भाषा का शिकावी?

मातृभाषा मनुष्यास आपसूक मिळते. आईच्या बोलण्यातून, आजीच्या गोष्टींतून आणि अंगणातील खेळांतून ती मुलाच्या मुखी येते. दुसऱ्या भाषेचे तसे नसते. तिचे शब्द ध्यानी ठेवावे लागतात, व्याकरण समजून घ्यावे लागते आणि कधी कधी नवी लिपीही गिरवावी लागते. मग आपली मराठी असताना ही यातायात कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येतो. कित्येकांस तर अशीही भीती वाटते की, नवी भाषा आली म्हणजे आपली भाषा मागे पडेल.

दुसऱ्या भाषेचा पहिला लाभ उघड आहे. भारताच्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषांचा समावेश आहे. त्यांपैकी आणखी एक भाषा येऊ लागली, की त्या भाषेतील माणसे परकी राहत नाहीत. त्यांच्या कथा, त्यांची गाणी, त्यांचे विनोद मूळ रूपात कळू लागतात. भाषांतराने अर्थ कळतो. परंतु बोलण्यातील गोडवा मूळ भाषेतच चाखावा लागतो.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. दुसरी भाषा शिकताना आपली भाषा नव्याने कळते. घरी आलेल्या मित्रास एखाद्या मुलाने ‘आम्ही जेवायला बसतो’ असे म्हटले, तर मित्र पंक्तीबाहेर राहतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले, की त्याच्यासाठीही पाट मांडला जातो! हिंदीत या दोन्ही ठिकाणी ‘हम’ हा एकच शब्द येतो. इंग्रजीतही एकच शब्द आहे. गुजरातीत मात्र ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे, आणि तमिळ भाषेतही तो आढळतो. मराठी मूल हे दोन शब्द लहानपणापासून अचूक वापरते. पण आपल्या भाषेत एवढी सूक्ष्मता आहे, हे त्याच्या ध्यानी येते ते दुसऱ्या भाषेशी तुलना केल्यावरच.

अशी तुलना मनास सावधपणाही शिकवते. ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘शिक्षामंत्री’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या मराठी मुलास, हे मंत्री साऱ्या देशाला छड्या मारतात की काय, असे वाटल्यास नवल नाही! ओळखीचा शब्द दिसला, तरी त्याचा अर्थ पडताळून पाहावा, हा धडा त्यातून मिळतो.

भाषांची देवघेव जुनी आहे. ‘तूप’, ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ या शब्दांचे नाते कन्नडशी आहे. ‘बाजार’ आणि ‘दरवाजा’ फारसीतून आले. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. या पाहुण्यांमुळे मराठी दुबळी झाली नाही. उलट तिचे भांडार वाढले.

जे भाषेचे, तेच माणसाचे. कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाड येथे झाला. त्यांच्या घरी मराठी बोलली जाई. भोवतालचा मुलूख कन्नड होता. त्यांनी दोन्ही भाषा आपल्या केल्या. ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी कन्नडमध्ये काव्यरचना केली आणि ‘नाकु तंती’, म्हणजे ‘चार तारा’, या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे अध्यापन करीत होते. कन्नडचे थोर कवी झाले, तरी मराठी त्यांना परकी झाली नाही. मराठीतही त्यांनी ग्रंथलेखन केले.

भाषा कोणत्याही वयात शिकता येते. परंतु विद्यार्थिदशेत ती शिकणे विशेष सुकर असते. या वयात कान तीक्ष्ण असतात आणि जीभ नव्या उच्चारांना लवकर वळते. बोलताना चूक झाली, तर प्रौढ मनुष्य संकोचून गप्प बसतो. मूल हसते आणि पुन्हा बोलते. भाषा येते ती अशा पुन्हा बोलण्यानेच. रोज थोडे ऐकावे, थोडे वाचावे, दोन वाक्ये लिहावी आणि ती भाषा बोलणारा कोणी भेटला, तर धीटपणे बोलावे.

ज्याचे मातृभाषेवर प्रेम आहे, त्याने दुसऱ्या भाषेस भिण्याचे कारण नाही. शेजारच्या घरी जाऊन आलेल्या मुलास आपल्या घराची वाट विसरत नाही. उलट आपल्या घरात काय आहे, ते त्याला अधिक स्पष्ट दिसू लागते.