घेवडा आधी, टोमॅटो नंतर

‘राजमा आणि पास्त्याचं सूप केलं. रात्रभर भिजवलेला राजमा, कांदा, गाजर, टोमॅटो सगळं एकदमच पातेल्यात घातलं, तासाभराने पास्ता सोडला. पास्त्याचा लगदा व्हायला आला तरी राजमा दाताखाली कचकचतच होता. राजमा जुना निघाला का?’ असा प्रश्न एका वाचक भगिनींनी विचारला आहे.

राजमा जुना असेलही. पण पहिला संशय मी टोमॅटोवर घेईन.

हे सूप मूळचं इटलीचं. ‘पास्ता ए फाजोली’ हे तिथलं साधं, पोटभरीचं जेवण. रोममधल्या कोलोना घराण्याच्या चित्रसंग्रहात आनिबाले काराच्ची या चित्रकाराने 1580 च्या दशकात काढलेलं एक चित्र आहे. एक कष्टकरी माणूस कडधान्याच्या वाडग्यापुढे बसला आहे आणि तोंडाशी नेलेल्या चमच्यातून रस्सा गळतो आहे. त्या वाडग्यात काळ्या डोळ्याची चवळी दिसते. चवळी आफ्रिकेतून आलेली, युरोपच्या जुन्या ओळखीची. राजमा, फरसबी आणि आपला घेवडा ही सगळी मंडळी एकाच अमेरिकन जातीची. कोलंबसानंतर ती समुद्र ओलांडून आली आणि मग इटलीच्या पातेल्यात चवळीच्या जागी बसली. उत्तर इटलीत या सुपाला लाल रेघोट्यांचा ‘बोर्लोत्ती’ लागतो. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा त्याच जातीचा आणि तसाच रेघोट्यांचा. तेव्हा हे सूप करायला आयात मालाच्या दुकानात जायची गरज नाही.

आता तो न शिजणारा दाणा. दाणा म्हणजे रोपाचा गर्भ आणि त्याच्या पहिल्या काही दिवसांचं अन्न. ते कुणाच्या पोटात जाऊ नये, अशीच त्याची सगळी बांधणी आहे.

जुन्या वाड्याची भिंत आठवा. विटांवर विटा, आणि मध्ये चुना. दाण्याच्या आतल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांना जोडून ठेवणारा चुना म्हणजे पेक्टिन. पेरूच्या जेलीला घट्टपणा आणतं तेच. मला ही उपमा आवडते, कारण ती नुसत्या दिसण्यापुरती नाही. चुन्यात असतं कॅल्शियम, आणि पेक्टिनच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतं तेही कॅल्शियमच. घेवडा शिजतो तेव्हा विटा फुटत नाहीत, त्यांच्यामधला चुना सुटतो. बोटचेपा शिजलेला दाणा चिमटीत दाबून बघा. पिठासारखी बारीक रव लागते ना? ती बहुतेक अख्ख्या, सुट्या झालेल्या पेशींची असते. प्रत्येकीच्या पोटात फुगलेला स्टार्च तसाच बंद असतो. राजम्याचा तो मऊसूत पिठूळपणा यातूनच येतो.

हा चुना उष्णतेने सुटतो, पण आजूबाजूचं पाणी आंबट असेल तर फार सावकाश. टोमॅटोच्या रसाचा पीएच साधारण 4 ते 4.5 असतो, आणि पेक्टिनच्या साखळ्या तुटण्याची क्रिया नेमकी त्याच टप्प्यात सर्वांत मंद होते. इथे मात्र वाड्याच्या भिंतीचा हात सोडावा लागतो. खरा चुना आम्लात विरघळतो. पेक्टिन आम्लात टिकून राहतं. वाचक भगिनींच्या पातेल्यात हेच झालं. घेवडा पूर्ण मऊ झाल्यावर टोमॅटो घातला असता तर काहीच अडलं नसतं. उशिरा घालण्याचा आणखी एक फायदा आहे. टोमॅटोतलं क जीवनसत्त्व कमी जळतं, आणि कडधान्यातलं लोह शरीरात शोषलं जायला त्याचीच मदत होते.

बोअरच्या जड पाण्यानेही दाणा अडून बसतो, कारण त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि भिंतीला नवा चुना मिळत राहतो. जुन्या दाण्याचं दुखणंही बरंचसं याच घरातलं. उबदार, दमट जागी महिनोन्महिने पडून राहिलेल्या दाण्यात फायटिक आम्लाशी बांधलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं, आणि ते जाऊन पेक्टिनला बिलगतं. असा दाणा दुपटीने वेळ खातो, कधी कधी तर शिजतच नाही.

मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, अशी समजूत घरोघरी आहे. भिजवण्याच्या पाण्यापुरती तरी ती उलटी आहे. मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि पकड सैल करतं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून घेवडा रात्रभर भिजवा. साल फाटत नाही आणि दाणा लवकर शिजतो. चिमूटभर खाण्याचा सोडा त्याहून वेगाने काम करतो, पण हात सैल सुटला तर साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

हे झालं कडकपणाचं. राजम्याचा दुसरा पहारा जास्त गंभीर आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवरच्या शर्करांना जाऊन चिकटतं. इंग्लंडमध्ये 1976 साली सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला, न शिजवलेला राजमा खाल्ला आणि थोड्याच वेळात सगळी उलट्यांनी बेजार झाली. चार-पाच कच्चे दाणेही त्रासाला पुरतात. खळखळून उकळलं की हे प्रथिन मोडतं. पण 80 अंशांच्या आसपास मंद तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरू शकतो, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलं आहे. आपल्या प्रेशर कुकरचं तापमान 120 अंशांच्या घरात जातं, म्हणून शिट्ट्या घेणाऱ्या घरांत हा प्रश्न उद्भवलाच नाही. आता मात्र विजेवर चालणारे ‘स्लो कुकर’ बाजारात आले आहेत. कच्चा राजमा त्यात थेट घालू नका. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात किमान अर्धा तास चांगला उकळा, आणि मगच तो त्या भांड्यात जाऊ द्या.

याच विषाने वैद्यकशास्त्राला जे दिलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रक्तातल्या लाल पेशींचे गठ्ठे करण्याचा गुण या प्रथिनात आहे. त्यामुळे लाल पेशी बाजूला काढून पांढऱ्या पेशी मिळवायला प्रयोगशाळांत राजम्याचा अर्क वापरत. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल हे त्याच कामासाठी तो वापरत होते. पांढऱ्या पेशी शरीराबाहेर विभागत नाहीत, असा तेव्हाचा समज. यांच्या बशीत मात्र त्या विभागताना दिसल्या. 1960 साली नॉवेल यांनी दाखवून दिलं की त्यांना विभागायला लावतो तो राजम्याचा अर्कच. गुणसूत्रं बघायची तर पेशी विभागत असावी लागते. तोवर त्यासाठी अस्थिमज्जेपर्यंत जावं लागे. आता हाताच्या शिरेतलं थोडं रक्त पुरेसं झालं.

त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असल्याचं जाहीर झालं. ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ या नावाने ते आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते आखूड गुणसूत्र हेरलं ते डेव्हिड हंगरफर्ड यांनी. ते तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते आणि गुणसूत्रं वाचण्याची त्यांची नजर नॉवेल यांच्याकडे नव्हती. पुढे जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये त्या गुणसूत्राचा तुकडा कुठे जातो ते शोधलं, आणि 2001 मध्ये याच कर्करोगावरच्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. 1998 चा लास्कर पुरस्कार नॉवेल आणि राउली यांना मिळाला, तेव्हा हंगरफर्ड हयात नव्हते. 1993 मध्येच ते गेले. या शोधाच्या कथेत त्यांचं नाव बहुधा पुसट होतं. ते ठळक लिहिलं गेलं पाहिजे. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी आजही तुमचं रक्त दिलं, तर त्याच्या नळीत बहुधा राजम्याचं हे प्रथिन घातलं जातं.

पास्त्याचं सगळं उलट. घेवडा उघडायला तयार नाही आणि पास्ता फार लवकर उघडतो. ड्युरम गव्हाच्या रव्यात ग्लुटेनचं जाळं असतं आणि स्टार्चचे कण त्यात अडकलेले असतात. साधारण 60 अंशांपुढे ते कण पाणी पिऊन फुगतात. जाळं टिकलं तर पास्ता तगतो, ताणलं गेलं तर स्टार्च पाण्यात उतरतो. सुपाला दाटपणा हवाच असतो, म्हणून पास्ता सुपातच, पण शेवटच्या दहा मिनिटांत शिजवावा. तो ताटात येईपर्यंत आणि नंतरही पाणी पीत राहतो. सकाळसाठी सूप उरवायचं असेल तर तेवढं पास्ता घालण्याआधीच बाजूला काढा. चीज न घालता केलेल्या सुपात त्याची उणीव भासत असेल तर शिजलेल्या घेवड्यातला तिसरा हिस्सा घोटून परत घाला आणि वरून ऑलिव्ह तेल सोडा.

आपल्याकडे वरणफळं करतात ती याच घडणीची: डाळीत शिजवलेले कणकेचे तुकडे. गव्हात लायसिन कमी, कडधान्यात मिथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. अमेरिकेत टॉमस ऑस्बर्न आणि लाफायेत मेंडेल यांनी 1914 च्या सुमारास यातली लायसिनची बाजू उंदरांवर दाखवली. प्रथिन म्हणून फक्त गव्हातलं ग्लायडिन मिळालेली पिल्लं जगली, पण वाढली नाहीत. लायसिन दिल्यावर वाढू लागली.

यावरून ‘प्रत्येक जेवणात जोडी जमलीच पाहिजे’ असा नियम निघाला, आणि आहारविषयक व्हिडिओंत तो अजून ठासून सांगितला जातो. तो रुजवण्यात मोठा वाटा असलेल्या फ्रान्सेस मूर लॅपे यांच्या 1971 च्या पुस्तकाचा मी आदर करतो, आणि त्याहून जास्त आदर त्यांच्या 1981 च्या आवृत्तीचा. तीत त्यांनी स्वतःच तो नियम मागे घेतला. दिवसभरात वेगवेगळं धान्य-कडधान्य पोटात गेलं की शरीर आपली जुळणी करून घेतं. दुपारी भाकरी आणि रात्री घेवडा खाल्ला तरी चालतं.

‘एका वाटीत संपूर्ण आहार’ ही या सुपाची जाहिरात मात्र मला मान्य नाही. त्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत, लोह आहे. ब-12 जीवनसत्त्व त्यात नाही, कारण ते वनस्पती तयारच करत नाहीत. दूध-दही सोडून पूर्ण व्हीगन झालेल्यांनी हे सूप मनसोक्त प्यावं, आणि ब-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यावी.