भिंतीला धडका देण्याची नोकरी

2024 च्या जून महिन्यातली गोष्ट. बारडोलीहून अक्काचा फोन आला. "पोरीला नोकरी लागली गं, पुण्यात." आवाजात आनंद होता, पण मोकळा नव्हता. कसली नोकरी, असे विचारल्यावर पलीकडे जरा शांतता झाली. मग मागून भावजींचाच आवाज ऐकू आला, "आटा आडूदू केल्सा एन?" खेळत बसणे हे काय काम झाले का!

बारडोली म्हटले की आपल्याला 1928 चा सत्याग्रह आणि सरदार पटेल आठवतात. सुरत जिल्ह्यातल्या या गावाच्या अवतीभवती ऊस आहे आणि ऊस आहे म्हणून साखर कारखानेही आहेत. भावजी मूळचे चिकोडी तालुक्यातले. साखरेच्या पॅनवर काम शिकले आणि पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यामुळे आमची भाची आईशी मराठी, अप्पांशी कानडी आणि भावाशी भांडताना गुजराती बोलते. सुरतेच्या कॉलेजात तिने कॉम्प्युटरची पदवी घेतली. भावजींचे म्हणणे, बँकेच्या परीक्षा दे, नाहीतर कारखान्याच्या लॅबसाठी शब्द टाकतो. तिने परस्पर अर्ज केला तो पुण्यात व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत. काम काय, तर तयार होत असलेल्या गेममधल्या चुका शोधणे. अशा माणसाला टेस्टर म्हणतात.

पहिल्या दिवशी ही बाई हरखून गेली होती. दिवसभर खेळायचे आणि वर पगार! जागेवर बसल्यावर तिच्या हातात एक फोन देण्यात आला. गेममध्ये एक किल्ला होता. सांगण्यात आले, या किल्ल्याच्या प्रत्येक भिंतीला सगळ्या बाजूंनी धडका द्यायच्या. चालत, पळत, उडी मारून, कोपऱ्यात शिरून. कुठे भिंतीतून आरपार जाता आले तर लिहून ठेवायचे. झाले! सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पोरीने भिंतीला धडका दिल्या. रात्री फोनवर म्हणाली, "मावशी, डोळे मिटले तरी तटबंदीच दिसते."

आपल्याला वाटते पडद्यावर भिंत दिसते म्हणजे भिंत आहे. तसे नसते म्हणे. डोळ्यांना दिसणारी भिंत वेगळी आणि अंगाला लागणारी भिंत वेगळी. दिसणारी चित्रकाराने रंगवलेली, लागणारी आतून न दिसणाऱ्या खोक्यांनी रचलेली. दोन खोक्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली की खेळणारा थेट तळ नसलेल्या पोकळीत पडतो. चौथ्या दिवशी बुरुजाच्या मागे तिला अशी एक फट सापडली. तिचा शिपाई किल्ल्याच्या खाली कोसळत राहिला, पाच मिनिटे, खाली खाली. ती खुर्चीतून उठून ओरडलीच. सगळे खोलीभर हसले, आणि ज्या मुलाने तो बुरुज बांधला होता तो कपाळाला हात लावून हसला.

त्या आनंदात तिने चुकीची नोंद केली, "बुरुजामागे शिपाई खाली पडतो." अर्ध्या तासात नोंद परत आली. कोणता बुरुज? कोणत्या फोनवर? आधी काय केले, मग काय केले? पाच वेळा करून पाहिले तर किती वेळा पडतो? काय व्हायला हवे होते आणि काय झाले? वरिष्ठ टेस्टर बाई तिच्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण त्यांनी शांतपणे सांगितले, "तुझी नोंद वाचून ज्याने हा प्रकार पाहिलेला नाही त्यालाही तो घडवता आला पाहिजे. नाहीतर ती तक्रार झाली, नोंद नाही." मला हे वाक्य फार आवडले. आमच्या वीज बिलाच्या तक्रारीही मी हल्ली अशाच लिहिते.

हळूहळू तिला कळत गेले की या कामात वेळ मोजण्याची मापेच निराळी आहेत. गेम सुरळीत हलताना दिसायचा तर सेकंदाला साठ चित्रे पडद्यावर उमटावी लागतात. म्हणजे एका चित्राला जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद! तेवढ्यात बोट कुठे टेकले ते वाचायचे, शत्रू कुठे जाईल ते ठरवायचे, बाण लागला की चुकला ते तपासायचे आणि सगळे रंगवून दाखवायचे. महागड्या फोनवर हे जमते. आपल्याकडे घरोघरी असतात त्या स्वस्तातल्या फोनवर तोच गेम धापा टाकू लागतो आणि फोन तव्यासारखा तापतो. म्हणून त्यांच्या कंपनीत एक कपाट भरून जुने फोन ठेवलेले. भाचीच्या वाट्याला पहिले काही महिने तेच कपाट आले. कुणाच्या काचेला तडा, कुणाची बॅटरी फुगायला आलेली. "कपाट नाही गं, दवाखाना आहे," ती म्हणायची.

अक्काची पंचाईत वेगळीच होती. गेमचे नाव बाहेर सांगायचे नाही, असा करार पोरीने सही करून दिलेला. या धंद्यात तसा रिवाजच आहे. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काय सांगणार? मुलगी पुण्यात आहे, गेम बनवते, कोणता ते सांगता येत नाही! एकीने अक्काला हळूच विचारले म्हणे, "कंपनी खरी आहे ना?"

मग हिवाळ्यात तो प्रसंग घडला. तो गेम मराठी आणि कानडीतही निघणार होता. भाषांतर करून आलेले शब्द तपासून, तक्ता भरून, गेममध्ये घातले गेले. तक्त्यात सगळे बरोबर. खोलीतल्या बहुतेकांना कानडी येत नव्हते आणि मराठी येणारे त्या दिवशी दुसऱ्या कामात. भाचीने फोन उघडला आणि थबकली. पडद्यावर "किल्ला" लिहायचा होता, तिथे पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येऊन पडली होती आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला एक ल वेगळा उभा होता. कानडीची गत त्याहून वाईट. कानडीत जोडाक्षरातले दुसरे अक्षर खाली ओत्तक्षर होऊन बसते. आपण "अक्का" लिहिताना दुसरा क कसा अलगद खाली बसवतो, तसा तो न बसता शेजारीच येऊन उभा राहिलेला. म्हणजे अक्काचीच मोडतोड झालेली!

कारण समजून घेतल्यावर मलाही नवल वाटले. कॉम्प्युटर आपली अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतो. "कि" मध्ये आधी क, मग इकार. पडद्यावर काढताना मात्र वेलांटी उचलून आधी आणावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात. फोनच्या संदेशात किंवा वर्तमानपत्राच्या पानात हे काम एक वेगळी प्रणाली गुपचूप करते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पण गेम तयार करण्याची बरीच साधने इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून घडलेली. इंग्रजीत ए नंतर बी, संपले. त्यातल्या काही साधनांत अक्षरे जुळवण्याची ही पायरीच नव्हती.

या वेळी तिची नोंद परत आली नाही. तिने दोन्ही लिप्यांतले चाळीस शब्द काढले, प्रत्येकाचे पडद्यावरचे रूप आणि हाताने कागदावर लिहिलेले खरे रूप शेजारी शेजारी ठेवले, कुठली अक्षरे कशी फुटतात त्याचे गट पाडले. अप्पांना रात्री फोन करून कानडीतली दोन रूपे विचारून घेतली. भावजींनी तेवढ्यासाठी जुनी अंकलिपी शोधून काढली, असे अक्काने मला नंतर सांगितले. प्रोग्रामरांनी अक्षरांचे साधनच बदलले. त्याला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी "किल्ला" सरळ उभा राहिला, त्या दिवशी तिने मला फोन केला, पण बोलता येईना. फोटो काढून पाठवायला बंदी. "मावशी, वेलांटी जागेवर आली," एवढेच म्हणाली. घरात तीन भाषांची खिचडी म्हणून शाळेत हिला चिडवायचे, ते मला त्या वेळी आठवले.

त्यानंतर भावजींचा विरोध मावळला असे कुणाला वाटेल, तर तसे नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता: यात कुणी पोट भरले आहे का? तेव्हा पोरीने त्यांना बेंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हची हकिकत सांगितली. राजेश राव यांनी 1997 मध्ये ती कंपनी गेमच्या धंद्यात उतरवली, तेव्हा आपल्याकडे हा धंदा म्हणजे काय हेही लोकांना ठाऊक नव्हते. फ्रान्सच्या इन्फोग्रामेस कंपनीकडून त्यांना "मिशन इम्पॉसिबल" या गेमचे काम मिळाले. पुढे वर्षानुवर्षे परदेशी गेमसाठी चित्रे, गाड्या, इमारती घडवून देण्यात तिने नाव कमावले. 2019 मध्ये रॉकस्टार या जगप्रसिद्ध कंपनीने ती विकत घेतली. कन्नड मुलुखातली गोष्ट म्हटल्यावर भावजींनी जरा कान दिला.

दुसरी हकिकत पुण्याची, आणि ती ऐकून अक्का घाबरली. नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी उभी केलेली. "राजी" नावाचा गेम करायला घेतला. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते अशी कथा. 2017 मध्ये लोकांकडून वर्गणी मागितली, ठरलेली रक्कम जमली नाही. पैशाची ओढाताण एवढी की संस्थापकांपैकी एकाने स्वतःचे घर विकले. तरी 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. त्यातली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडते. आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, तोगलु गोंबेयाट पाहिलेले किंवा पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेले कुणीही ती दृश्ये क्षणात ओळखेल. अक्काला मात्र बाहुल्यांचे काही नव्हते. तिने एवढेच विचारले, "घर विकलं?"

तिची भीती खोटी नाही. हा धंदा चंचल आहे. 2023 नंतर जगभरातल्या मोठ्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. टेस्टरचा सुरुवातीचा पगार तुटपुंजा, बऱ्याचदा ठरावीक महिन्यांच्या करारावर, आणि गेम बाहेर पडण्याआधीचे आठवडे रात्री-अपरात्रीचे. भाचीला पहिल्या वर्षी गणपतीला रजा मिळाली नाही. हे सगळे कौतुकाच्या भरात लपवणे मला बरे वाटत नाही.

त्यातच 2025 चा ऑगस्ट उजाडला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने 20 आणि 21 ऑगस्टला मंजूर केला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सहीही झाली. बारडोलीत फोन खणाणू लागले. "गेम बंद झाले म्हणे, पोरगी परत येणार का?" एका नातलगाने तर सांत्वनच केले! वास्तविक बंदी आली ती पैसे लावण्याच्या खेळांवर, ज्यात घरेदारे बुडाली त्यांच्यावर. ज्या गेममध्ये गोष्ट असते, कसरत असते, पैज नसते, त्यांना या कायद्याने हात लावलेला नाही. त्यासाठी अक्काला वर्तमानपत्राचे कात्रण पर्समध्ये ठेवून फिरावे लागले. आणि गंमत बघा, लोकांना हा फरक सर्वांत चांगला कुणी समजावला, तर भावजींनी. कारखान्याच्या कँटीनमध्ये ते सांगत होते म्हणे, "चौकाबारा खेळणं वेगळं आणि पत्त्यांवर पैसे लावणं वेगळं."

चौकाबाऱ्याचे नाव त्यांच्या तोंडी आले त्यालाही कारण होते. कंपनीत नव्या मुलांना कधीमधी कागदावर गेम मांडायला सांगतात, नियम सुचतात का ते पाहायला. भाचीने चिकोडीच्या अज्जीचा चौकाबारा मांडला होता. पाच बाय पाच घरे आणि फोडलेले चार चिंचोके. चारही उताणे पडले की चौका, म्हणजे चार. चारही पालथे पडले की बारा, पण मोजायचे आठ. वरिष्ठांनी विचारले, दोनच सारखे का पडतात? तिने तिथेच मांडून दाखवले. चार चिंचोके पडण्याच्या सोळा तऱ्हा, त्यातल्या सहा तऱ्हांत दोन पडतात, चौका एकीत आणि बारा एकीत. म्हणून तर आठ पडले की अज्जी आरडाओरडा करते! अज्जीला हे गणित ठाऊक नाही, पण सोंगटी कुठे उभी करायची ते तिला बरोबर कळते.

गेम गणपतीनंतर बाहेर आला. 2025 च्या दिवाळीत मी बारडोलीला गेले, तेव्हा अक्काने आल्या आल्या फोन पुढे केला. शेवटी नावांची यादी सरकते, इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि भराभर. लेकीचे नाव दिसेपर्यंत ते निघून जाई. चौथ्या खेपेला आम्हा दोघींना मिळून ते पकडता आले.

भावजी पाडव्याच्या दुपारी गेम घेऊन बसले. पॅनवर काचेच्या पट्टीवर रसाचा नमुना घेऊन, उजेडात धरून साखरेचा दाणा पाहायची त्यांना आयुष्यभराची सवय. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याला डोळा लावूनच खेळत होते. तासाभराने हाक आली. किल्ल्याच्या मागच्या उतारावर त्यांचा घोडा पोटापर्यंत जमिनीत रुतला होता.

"हे यार नोडिद्दारु?" हे कुणी तपासलं, असे त्यांनी विचारले.

पोरगी काही बोलली नाही. आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली, शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अप्पा, पुन्हा एकदा करून दाखवा. आणि मोजा, पाच वेळांत किती वेळा होतंय ते."